दोन जणांचं कापड

बामगोलवालीच्या पुढच्या दोन दातांच्या कडेला एकेक खाच होती. जाड सुई आडवी बसेल एवढी. कापडाचं सूत काढायला जन्मभर भांगेचा वाख दातांत धरून तिने तो उभा फाडला होता आणि वाखाने हळूहळू तिचे दात कापले होते.

आताही तिच्या तोंडात वाख होता. ओसरीवर शेजारीण ओक्बून कात्री घेऊन बसली होती आणि सून मिरान सुईत दोरा ओवत होती. अधिक महिना चालू होता. या महिन्यात देवाभुतांचं माणसांकडे लक्ष नसतं, म्हणून गावातली म्हातारी माणसं आपली शेवटची वस्त्रं तेव्हाच शिवून घेत. आज बामगोलवालीची शिवायला घेतली होती.

मिरानने सवयीने दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली.

"गाठ?" ओक्बून ओरडली. "अगं, सासूला वाटेतच अडकवून ठेवतेस की काय? या कपड्यांना गाठ चालत नाही."

"राहू दे," म्हातारी वाखाआडून पुटपुटली. "अडकले तर परत येईन. हिच्या हातचं खारट सूप प्यायला."

तिघी हसल्या. ओक्बूनने कापड उलगडायला घेतलं आणि ती उलगडतच राहिली.

"एवढ्यात दोन माणसं मावतील. दोनदा मरायचंय का तुला?"

म्हातारीने नवा वाख तोंडात घातला. जादाचं कापड मागच्या अधिक महिन्यातही पेटीतून निघालं होतं, त्याच्या मागच्याही, आणि कात्री न लागता परत गेलं होतं. ते कुणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं. युद्धाच्या वर्षी, भांगेचं नवं पीक कापून, साल सुटायला वाफवून झाल्यावर, सैनिक मिरानच्या सासऱ्यांना उत्तरेकडे घेऊन गेले. तिचा नवरा ग्येहो तेव्हा आईच्या अंगावर पीत होता. पुढे ना निरोप आला, ना खबर.

ओक्बूनचा आवाज खाली आला. "तू गेल्यावर तुझ्याशेजारी पुरायला त्यांचे कपडे तरी हवेत ना? मी कापते गं. पण माप? जिवंत माणसाचं माप घेता येतं, मेलेल्याचंही घेता येतं. यांचं कुठून आणू?"

मिरानने सुई खाली ठेवली. घरात सासऱ्यांचा फोटोसुद्धा नव्हता. इतक्या वर्षांत हा एक प्रश्न आपल्याला कसा सुचला नाही, याचं तिला नवल वाटलं.

"आई, किती उंच होते ते?"

म्हातारीने तोंडातला वाख काढून बाजूला ठेवला. "चल," ती म्हणाली.

घरामागच्या शेतात सरकारी बियाण्याची भांग उभी होती. ती ओलांडून म्हातारी दोघींना ओढ्याच्या बांधाकडे घेऊन गेली. तिथे गावची जुनी भांग होती. ती आता कुणी पेरत नसे. आपलं बी आपणच सांडून ती दर वर्षी उगवायची. ते रान उपटून टाक म्हणून ओक्बून कायम मागे लागायची आणि म्हातारी कायम टाळायची. मिरानला तो नुसता हट्ट वाटत आला होता.

"कापणीला आठवडा राहिला की ही त्यांच्या डोक्याएवढी व्हायची," म्हातारी म्हणाली. "तोवर ते शेतात दिसायचे. त्यानंतर नुसता आवाज यायचा."

मिरानने वर पाहिलं. कापणी पुढच्या आठवड्यातच होती.

"पण आई, पाऊस कमीजास्त झाला तर?"

"वीतभर फरक पडतो. तेवढं ढगळ चालतं या कपड्यांना."

"आणि नवी भांग?"

"ती फार वाढते. तिच्यात कुणीही हरवेल."

मिरानने मधलं एक सरळ ताट निवडलं, सोबत आणलेल्या दोऱ्याचं टोक मुळाशी पायाखाली धरलं आणि चवड्यांवर उभी राहून दोरा शेंड्यापर्यंत नेला. तिचा हात शेंड्याला जेमतेम पुरला.

"अगं बाई," ओक्बून म्हणाली, "चांगला उंचापुरा होता की गं!"

"होते," म्हातारी म्हणाली.

"मग? कापड कापू?" ओक्बूनने हळूच विचारलं.

"काप." मग ती सुनेकडे वळली. "ग्येहोला सांग. ज्यांच्या मरणाचा दिवस ठाऊक नसतो, त्यांचं नवव्या महिन्याच्या नवमीला करतात ना? यंदा त्या दिवशी त्याच्या बाबांचं पान वाढायचं."