दोन नाकांचा नियम

कोठीचं दार किलकिलं करून स्टोअरकीपरने आत डोकं घातलं, लांब श्वास घेतला आणि मग शेजारी उभ्या लेबलवालीच्या तोंडाकडे पाहिलं.

तिच्या कपाळावर आठी नव्हती. ती शांतपणे त्याच्याकडेच बघत होती.

"ठीक आहे ना, बाई?"

"तुम्ही म्हणता तर ठीकच, दादा."

त्याने दार सताड उघडलं आणि दिव्याचं बटण दाबलं.

रंगाच्या त्या कारखान्यात थिनरची पिंपं या कोठीत असत. गळती ओळखणारं यंत्र दुरुस्तीला गेलं आणि तिकडेच रमलं. तेव्हापासून मालकांचा नियम होता: दोघांनी वास घ्यायचा, एकमत झालं तरच बटणाला हात लावायचा. वाफ कोंडली असेल तर एक ठिणगी पुरे. दोन नाकं यंत्राला भारी, असं मालक म्हणायचे. शिवाय नाकं फुकट होती.

स्टोअरकीपर तसा नाकासमोर चालणारा माणूस, पण नेमकं ते नाकच त्याला सोडून गेलं होतं. इतकी वर्षं थिनरमध्ये काढल्यावर त्याला कशाचाच वास येईनासा झाला होता. त्याने याबद्दल ब्रसुद्धा काढला नव्हता. कळलं तर कोठी जाईल, आणि कोठी गेली तर दिवसभर बोलायला कोण? बायको जाऊन बराच काळ झाला होता, मुलगी परदेशी होती. घरी फक्त टीव्ही बोलायचा.

मग त्याने तोडगा काढला. लेबलवाली चिकटवणीच्या खात्यातून इथे आली होती. रोज तिचा चेहरा बघायचा. तिने नाक मुरडलं तर आपणही मुरडायचं. तिने आजवर एकदाही मुरडलं नव्हतं, म्हणजे आपण कोठी नीट सांभाळतो, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

आणि तिचं ते बघणं त्याला हवंहवंसं वाटायचं. इतकं निरखून त्याच्याकडे दुसरं कोणीच बघत नसे.

पण काल संध्याकाळी गॅसवरचं दूध करपून पातेलं काळं पडलं, तरी त्याला पत्ता नव्हता. शेजाऱ्याने दार बडवलं तेव्हा कळलं. तो मनातून हादरला. उद्या लेबलवालीला सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

दुपारी दोघं आवारात डबे उघडून बसली. त्याने आपली भाजी पुढे केली. जाता जाता हिशेबनीस थबकला आणि म्हणाला, भाजी विटलीय हो, इथवर वास येतोय. स्टोअरकीपर ओशाळला. लेबलवालीने मात्र आणखी एक घास घेतला. म्हणाली, मला तर चांगली लागतेय. आपलं मन राखायला ही विटलेली भाजी खाते, या विचाराने त्याला गलबलून आलं. सांगायचं ठरवलेलं तसंच राहून गेलं.

जेवण करून दोघं कोठीत परतली. थोड्याच वेळात तिचं डोकं जड झालं. त्याचंही झालं. उकाडा फार आहे, असं दोघांचं एकमत झालं.

"बाई, एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"मलाही, दादा. कधीचं सांगायचंय." तिने लेबलं खाली ठेवली. "पण आधी तुम्ही."

धीर गोळा करायला त्याला थोडा वेळ हवा होता. पंखा तरी लावू, म्हणून तो उठला. नियमाप्रमाणे आधी लांब श्वास घेतला, तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी नव्हती. त्याचा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नका!" उघड्या दारातून ते बघून माल न्यायला आलेला ट्रकचा ड्रायव्हर बाहेरून ओरडला. तो नाकावर रुमाल दाबून पार गेटपाशीच थांबला होता. "थिनरचा वास इथपर्यंत येतोय! तुम्हा दोघांना येत नाही?"

स्टोअरकीपरचा हात तिथेच राहिला. सवयीने त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती आधीपासूनच त्याच्या तोंडाकडे बघत होती.