त्याला नाव आहे

"बॉडी बघायला कोण आलंय?"

शवागाराच्या दारातून वॉर्डबॉयने हाक मारली आणि मिस्त्रीने उठून त्याची कॉलरच धरली.

"बॉडी कुणाला म्हणतोस रे? माणूस आहे तो! त्याला नाव आहे! आईबापाने हौसेने ठेवलेलं!"

मेहुणा मध्ये पडला. "भावोजी, सोडा त्याला. त्याचं काय चुकलं?"

मिस्त्रीने कॉलर सोडली. पोरगा सकाळी काळी मोटारसायकल घेऊन निघाला तो कारखान्यावर पोचलाच नाही. फोन बंद. पुलावर ट्रकने एका काळ्या मोटारसायकलवाल्याला चिरडलं, ही बातमी मात्र बरोबर पोचली.

तसा हा शब्द मिस्त्रीच्या घरात मीठ-मिरचीसारखा. जन्मभर त्याने बसच्या बॉड्या बांधल्या. युनियनची नवी बॉडी निवडून आली की तिला हार घातले. पोरगा जिममधून येऊन आरशासमोर दंड फुगवायचा, तेव्हा मिस्त्री म्हणायचा, "बापाच्या बॉडीत अख्खी वरात बसते. तुझ्या बॉडीवर माशी तरी बसते का?" पोरगा हसून लोळायचा. आज तोच शब्द तापलेल्या सळईसारखा कानात गेला. माणूस मेला की सगळ्यात आधी त्याचं नाव चोरीला जातं. आणि चोराला कुणी चोर म्हणत नाही.

आत टेबलावर चादर होती. चादरीखाली कुणीतरी होतं.

"तोंड नका बघू, काका," वॉर्डबॉय हळूच म्हणाला. त्याने राग धरला नव्हता. "ओळखण्यासारखं राहिलेलं नाही. हातापायावर काही खूण?"

खूण होती. पोरगा डावरा. सगळा कारखाना त्याला डावऱ्याच म्हणायचा. वेल्डिंग करताना होल्डर डाव्या हातात, त्यामुळे ठिणग्यांचे डागही सगळे डाव्या मनगटावर.

"डावा हात दाखव."

चादर सरकली. मिस्त्रीने डोळे मिटले. मग जिवाचा धडा करून उघडले.

मनगटावर एकही डाग नव्हता. रापलेल्या कातडीवर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी रेघ तेवढी होती. आणि वेल्डिंग करणारा घड्याळ घालत नाही. त्याचा पोरगा तर कधीच नाही.

मिस्त्री खदखदून हसायला लागला. "आमचा नाही! अहो, आमचा नाही हा!" त्याने मेहुण्याला मिठी मारली. ज्याची कॉलर धरली होती त्या वॉर्डबॉयचे हात धरून डोळ्यांना लावले.

तेवढ्यात फोन वाजला. डावऱ्या! गाडी वाटेत बंद पडली होती, फोनची बॅटरी संपली होती, कुणाच्या तरी गॅरेजमधून बोलत होता. मिस्त्रीने त्याला पोटभर शिव्या घातल्या. इतक्या गोड शिव्या त्याने आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या. शिव्या देतच तो दाराबाहेर आला.

बाहेरच्या बाकावर एक माणूस एकटाच बसला होता. पायात दोन वेगवेगळ्या चपला. दार उघडलं तसा तो ताडकन उभा राहिला.

"पोराने दुरुस्तीला टाकलं होतं," कुणी न विचारताच तो बोलायला लागला. त्याने मूठ उघडली. तळहातावर नवा पट्टा घातलेलं घड्याळ होतं. "आज मिळालं. म्हटलं, फोन करून सांगावं. तर उचलतच नाहीये तो. दादा... आत कोण आहे हो?"

मिस्त्रीचा फोन अजून कानालाच होता. पलीकडे पोरगा काहीतरी बोलत होता, आणि मिस्त्रीचं हसू मावत नव्हतं.

"कुणी नाही हो," तो म्हणाला. "एक बॉडी आहे."