डोळे झाकून

"हाच घे केतकी, डोळे झाकून घे," निनाद म्हणाला आणि तिने दुसरा वेबकॅम पाहिलाही नाही. तिच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स त्यानेच टाकून दिलं होतं. त्यावर कुठला कॅमेरा चालतो हे निनादला पाठ होतं. कुठला चालत नाही, तेही.

कॉलेजात प्राध्यापकाची एकच जागा होती, अर्ज दोघांचेही होते, आणि केतकी आपल्यापेक्षा सरस आहे हे त्याला झोपेतसुद्धा टोचायचं.

ऑनलाइन मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने घाबरून फोन केला. "अरे, नुसतं काळं दिसतंय!"

"दिसू दे. मुलाखत सुरू झाली की आपोआप लागतो तो."

लागला नाही. "तुम्ही दिसत नाही आहात," असं समितीने दोनदा बजावलं आणि पुढचं नाव पुकारलं. ते निनादचं होतं. तो लख्ख दिसला.

नेमणूक झाल्यावर तो तिच्याकडे पेढे घेऊन गेला. "माझंच काहीतरी चुकलं असणार रे. तू सांगितलेला कॅमेरा वाईट कसा असेल?" पेढा घेत केतकी म्हणाली. "आता शिकवण्यांसाठी नवा घ्यायचाय. तुलाच विचारू ना?"

"विचार की," निनाद म्हणाला. "अगदी हक्काने विचार."