उजवा खांदा

फ्रेम जिगवर बसली, तर धर्मराजच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. अपघाताचा ठपका पुसला जाणार होता. सुकापूरच्या त्याच्या मोटरसायकली बांधायच्या शेडबाहेरून नुसतीच डोकावून जाणारी गिऱ्हाइकं पुन्हा आत येणार होती. आणि वीस दिवसांपासून उडालेली झोप परत यायला हरकत नव्हती. फ्रेम बसली नाही तर काय, हे त्याने धरलंच नव्हतं. माणूस जमेची बाजू आधी मांडतो.

म्हणून निरोप त्यानेच धाडला होता: मावशी, गाडी घेऊन या, तुमच्यासमोर तपासतो.

गंगाबाई उरणहून टेम्पोत पुढे बसून आली. मागे तिचा थोरला, शैलेश, धर्मराजनेच बांधलेल्या धाकट्याच्या मोटरसायकलची सुटी केलेली फ्रेम धरून. धाकटा कल्पेश वीस दिवसांपूर्वी द्रोणागिरीच्या रस्त्याला अपघातात गेला. वळणावर गाडी डावीकडे सरकत खाडीच्या चिखलात उतरली आणि तो कठड्यावर आपटला. गाडीला चिखलाने अलगद झेललं. साधा पोचाही आला नाही. बघणाऱ्यांना एवढं पुरलं. गाडी धड, पोरगा गेला, म्हणजे पोरगाच भन्नाट हाणत असणार. पाड्यावर तर त्याने किती घेतली होती तेही लोक सांगत होते, जणू ओतायला तेच होते.

जिग म्हणजे लोखंडी साचा. खाली दोन जाड चॅनेल, पुढे हँडलच्या जागी एक खांब, मागे चाकाच्या जागी दोन खुंट्या. फ्रेम त्यात आवळायची आणि मग वेल्ड करायची. साचा सरळ, तर गाडी सरळ. धर्मराजने फ्रेम चढवली, दोन्ही खुंट्यांतून मागची पिन सरकवली. पिन लोण्यात गेल्यासारखी आत गेली.

त्याने श्वास सोडला, पण तोंड दुखवट्याचंच ठेवलं. म्हणाला, फ्रेम सरळ आहे, मावशी. पुढचं वाक्य त्याने सभ्यपणे गाळलं. शैलेशने मान खाली घातली. वीस दिवस तो एकटाच भावाच्या बाजूने भांडत होता.

गंगाबाई पालथ्या डब्यावर बसली होती, ती उठली नाही.

"त्याचा उजवा खांदा रोज दुखाचा," ती म्हणाली. "गाडी आली तवापासून. रोज रात्री मी तेल लावाची. उजवाच का रं दुखाचा?"

धर्मराजला उत्तर ठाऊक होतं. कल्पेश दोनदा येऊन सांगून गेला होता की दादा, गाडी डावीकडे ओढते, उजव्या हाताने आवरावी लागते. धर्मराजने दोन्ही वेळा फ्रेम जिगवर चढवून दाखवली होती, दोन्ही वेळा पिन अशीच गेली होती. लांब हँडलची गाडी आहे, हाताला सवय होईल, असं सांगून त्याने त्याला चहा पाजला होता. दुसऱ्या वेळी भजीसुद्धा.

"माजा सासरा होड्या बांधाचा," गंगाबाई म्हणाली. "वाकडी होडी अशीच एका बाजूला जाते. दोरी दे इकडं."

टेम्पोत फ्रेम बांधायला आणलेली सुतळी शैलेशने दिली. होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या दोन्ही कडांना लावतात तशी तिने ती लावली. एक टोक शैलेशने पुढच्या खांबाच्या मध्यावर धरलं. दुसरं तिने उजव्या खुंटीपर्यंत ताणलं, तिथे चिमटीत पकडलं आणि तेच माप डाव्या खुंटीकडे नेलं. पोचेना. करंगळीच्या जाडीएवढं कमी पडलं. तिने पुन्हा लावून पाहिलं. मग धर्मराजने स्टीलचा टेप काढला. नऊ मिलिमीटर.

त्याला टेम्पो आठवला. गेल्या वर्षी पनवेलचा गाळा सोडून जिग इथे आणताना मागची बाजू हातातून सुटली होती. त्याने खुंट्या हातोड्याने ठोकून जागेवर आणल्या, नवी फ्रेम बांधली आणि खात्री म्हणून तीच फ्रेम जिगवर चढवून बघितली. बसली. वाकड्या साच्यातून निघालेली फ्रेम त्या साच्यात न बसून जाते कुठे. टेप तेव्हाही खिशातच होता.

"म्हंजे पोरगा नाय चुकला," गंगाबाई म्हणाली.

"नाही मावशी. मी चुकलो."

शैलेश एक पाऊल पुढे आला. तिने त्याच्याकडे न बघता हात आडवा धरला.

"याच्यावर किती बनवल्यास?"

"सात. कल्पेश धरून."

"मंग सहा आयांच्या पोरांना फोन लाव."

त्याने तिच्यासमोरच लावले. गाडी उभी करा, चालवू नका, एवढंच सहा वेळा सांगितलं. त्या सहांतला अवधूत तळोज्याला कामावर होता, पाळी सुटत होती. तो टेम्पोत गाडी घालून तासाभरात कुरकुरत हजर झाला. नवी गाडी, नसता खर्च, वर टेम्पोचं भाडं. दारातूनच त्याने विचारलं, हे सरळ करायचे किती घेणार? आणि बोलता बोलता सवयीने तो उजवा खांदा चोळत होता.

गंगाबाईने ते पाहिलं. ती डब्यावरून उठली, जिगपाशी गेली आणि कल्पेशच्या फ्रेमला पुढून हात घातला.

"धर रं," ती शैलेशला म्हणाली. "जागा करू त्याला."

मायलेकांनी फ्रेम उचलून भिंतीला टेकवली. धर्मराज पाना घेऊन खुंटीपाशी वाकला.

"दादा, किती ते सांगा ना," अवधूत म्हणाला.

"तुमचे आधीच भरून झालेत," धर्मराज भिंतीला टेकवलेल्या फ्रेमकडे बघत म्हणाला. "सहाही जणांचे."

वॉरंटी असणार, असं अवधूतला वाटलं. तो खूश झाला आणि चहा मागवू का म्हणाला.