मिठाच्या पाण्याचा पिंजरा

जालन्याच्या एका फार्मसी कॉलेजात मनीषाचं संशोधन चाललं होतं. एका पिंजऱ्यातल्या पांढऱ्या, म्हाताऱ्या उंदरांना ती पेप्टाइड नावाचं औषध टोचायची. ते म्हणे पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात शिरून थकल्या अंगात पुन्हा ताकद आणतं. दुसऱ्या पिंजऱ्याला तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. दोघांत फरक दिसला की पीएचडी पक्की. पण चाकावर सोडले, तर दोन्ही पिंजऱ्यांतले उंदीर सारखेच पळायला लागले!

नक्कीच पाणी कुठंतरी मुरत होतं. आधी तिला औषध पाठवणाऱ्यांचा संशय आला, पण तपासलं तर माल अस्सल निघाला. मग उरले उंदरांचं दाणापाणी बघणारे गोरक्षमामा. हसनाबादकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. खोलीची किल्ली त्यांच्याकडंच असायची, आणि हल्ली ते तिला बघून गालातल्या गालात हसायचे.

दुपारी जेवायला जाते असं सांगून ती निघाली आणि दाराआड उभी राहिली. मामांनी औषधाच्या पिंजऱ्यातला एक उंदीर अलगद उचलून पाण्याच्या पिंजऱ्यात सोडला आणि तिथला इकडं आणला.

"मामा! हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ती कडाडली.

मामा जरासुद्धा चपापले नाहीत.

"तुम्हीच की, म्याडम! दोन्ही पिंजऱ्यांना बराबर सारखं वागवा, म्हणल्त्या ना? मंग रोज अदलाबदल करतो. एकाला औषध न् एकाला पाणी, असं तर आम्ही मेंढरांतबी न्हाई करत."