भावाच्या आठवणींचा बॅकअप

"काकू, हे सॉफ्टवेअर आजची प्रत ठेवून जुन्या पुसतं. ते दुसरं जुन्याही ठेवतं, म्हणजे विसरलेलं परत मेंदूत भरता येतं," दुकानातली मुलगी म्हणाली.

कालिंदीबाईंच्या घरच्या संगणकावर नवऱ्याच्या, पद्माकररावांच्या, आजाराआधीपासूनच्या आठवणी साठवलेल्या होत्या. घरचा गणपती कुणाकडे बसवायचा, यावरून त्यांनी धाकट्या भावाशी, जयवंतशी, अबोला धरला होता. विसरण्याच्या आजारात ते भांडण विसरले आणि यंदा जयवंतकडे आरतीला जाऊन बसले. हल्ली मात्र ते कालिंदीबाईंनाही विचारत, "आपण कुठल्या?"

"भांडण वगळून नाही भरता येणार?"

"नाही काकू. भरलं तर सगळंच."

सोबत आलेला जयवंत पुढे झाला.

"वहिनी, जुन्या ठेवणारंच घ्या. तुम्हाला ओळखू दे त्याला. आम्हाला अबोल्याची सवय आहे."