नावाभोवतीची चौकट

“बाईंच्या नावाला चौकट घाला,” दिग्दर्शक म्हणाला.

पेंटरचा ब्रश काचेवर टेकता टेकता थांबला. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर येणारी नावं काचेवर रंगवता रंगवता त्याचे केस पिकले होते. चौकटीचा अर्थ त्याला कुणी शिकवायला नको होता. सिनेमात काम करून तो पडद्यावर यायच्या आत जो वारला, त्याच्या नावाला चौकट. हिंडत्याफिरत्या माणसाला चौकट घातल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

“बाई म्हणजे... आपल्या बाई? तुमच्या घरच्या?”

“नायिका एकच आहे ना? का तुम्ही मनानं दुसरी रंगवलीत?”

“पण साहेब, त्या काल तर इथं येऊन गेल्या. अक्षरं बारीक काढली म्हणून माझ्याशी भांडूनसुद्धा गेल्या.”

“नावं लवकरच शूट करायचीत, मागाहून धावपळ नको. उद्या धरणाच्या भिंतीवरचा शॉट राहिलाय. ती आणि मी, दोघंच जाऊन उरकतो. कॅमेरामनला सुट्टी दिलीय.” दिग्दर्शकानं खिशातून कंगवा काढून शांतपणे भांग नीट केला. “आणि पेंटर, तोंडाला कुलूप. घरी तुम्ही दोघंच असता ना? वहिनींची काळजी घ्या.”

गाडी निघून गेली. पेंटरला घाम फुटला.

या धंद्यात त्यानं काय काय पाहिलं नव्हतं! आपलं नाव दुसऱ्याच्या नावापेक्षा नखभर खाली आलं म्हणून एका खलनायकानं पडद्याला शिडी लावून फूटपट्टीनं मोजणी केली होती. नायकाच्या सासऱ्यांनी सबंध सिनेमात एकदाच दार उघडलं, पण त्यांना ‘खास पाहुणे’ म्हणून अख्खी काच एकट्याला लागली. दोन नट आधी कोणाचं नाव यावरून हातघाईवर आले, तेव्हा यानंच एकाचं नाव डावीकडे खाली आणि दुसऱ्याचं उजवीकडे वर काढून दोघांनाही पहिला नंबर दिला होता. दोघंही खूश होऊन गेले. अक्षरांवरून माणसं जिवावर उठतात हे त्याला ठाऊक होतं. पण ते म्हणायला. आज पहिल्यांदाच खरोखरचा जीव मध्ये आला होता.

आणि जीवही कोणाचा? या पोरीचं नाव त्यानंच पहिल्यांदा रंगवलं होतं, ‘प्रथमच पडद्यावर’ असं वर लिहून. मग ती दहाजणींच्या गर्दीत आली, मग तिघींत, मग दोघींत, आणि शेवटी एकटी, सगळ्यांच्या आधी. तिच्या लग्नात तो मामासारखा मिरवला होता.

दुपारपर्यंत त्यानं चौकट काढली. रेघ वाकडी यावी म्हणून देवाला साकडं घातलं, पण मेली सुतासारखी सरळ आली.

पोलिसांकडे जावं? जाऊन काय सांगायचं? नावाभोवती चार रेघा मारायला सांगितल्या, धरा त्या माणसाला? हवालदार पोट धरून हसले असते आणि संध्याकाळच्या आत ते हसू दिग्दर्शकाच्या कानावर गेलं असतं. मग कुणाची चौकट आधी, एवढाच प्रश्न उरला असता.

त्यानं बायकोला तिच्या बहिणीकडे पोचवलं. मग काच टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून तो बाईंच्या घराकडे निघाला. मागून सायकलची घंटी वाजली तरी काळजात धस्स होत होतं.

फाटकात दिग्दर्शकाची गाडी उभी!

पेंटर फाटकाबाहेरच थबकला. परत फिरावं असं हजारदा वाटलं. पण उद्या धरणाच्या भिंतीवर ती एकटी असणार होती. त्यानं डोळे मिटून घंटी दाबली.

दार बाईंनीच उघडलं. केस ओले, पदर खोचलेला, हात पाण्यानं सुरकुतलेले. बहुधा फरशी पुसत होत्या.

“पेंटरकाका? तुम्ही आणि असे अचानक?”

“साहेब...?”

“आहेत. आत पडलेत. जेवणानंतर.”

“हळू बोला मग.” त्यानं टॉवेल सोडला. धरण, कॅमेरामनची सुट्टी, बायकोवरून दिलेली धमकी, सगळं त्यानं कुजबुजत सांगून टाकलं. बोलता बोलता बाईंची पोर झाली. “उद्या जाऊ नकोस, पोरी. पाया पडतो तुझ्या.”

ती काचेतल्या आपल्या नावाकडे बघत राहिली. घाबरली नाही. उलट बऱ्याच वेळानं श्वास मोकळा व्हावा तशी खुर्चीत बसली.

“मला महिनाभर संशय होता, काका. पण सांगणार कुणाला? पुरावा कुठं होता?” मग तिनं मान वर केली. “हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तुम्हाला?”

“स्वतःच्या तोंडानं.”

“दुसऱ्या कुणापुढं सांगाल? मागाहून शब्द फिरवणार नाही ना?”

“कोर्टात उभा राहून सांगेन. पण तू आधी इथून नीघ. माझ्याकडे चल. ते उठायच्या आत.”

“नाही उठायचे ते इतक्यात.”

“आणि उद्या?”

“उद्या कुणीच जात नाही धरणावर.”

पेंटरच्या जिवात जीव आला. त्यानं खिशातून पातं काढलं. “मग ही अवदसा आधी खरवडून टाकतो.”

तिनं त्याचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

“खरवडू नका, काका. ती काच पोलिसांना दाखवायला लागेल,” ती म्हणाली. “सिनेमासाठी दुसरी रंगवा, आणि चौकट दिग्दर्शकाच्या नावाला घाला.”